ग्रिमेटनची शंभर वर्षे : एका बिनतारी केंद्राची वाटचाल

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर वारबर्ग नावाचे शहर आहे. तिथून आत शेतांच्या दिशेने निघाले की गाव दिसण्याआधी मनोरे दिसतात. एका रांगेत उभे सहा पोलादी मनोरे, प्रत्येक १२७ मीटर उंच, आणि डोक्यावर ४६ मीटर रुंदीचा आडवा हात. दुरून पाहणाऱ्याला विजेच्या तारांचे अवाढव्य खांब वाटावेत. पण या तारांतून वीज गावाला जात नव्हती, ती अटलांटिकपार जाण्यासाठी हवेत सोडली जात होती. हेच ग्रिमेटन रेडिओ केंद्र. २ जुलै १९२५ रोजी राजे पाचवे गुस्ताव यांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले.

शताब्दीनिमित्त या केंद्राचा इतिहास मराठी वाचकांपुढे ठेवताना एक योगायोग आधी सांगून टाकतो. २००४ साली चीनमधील सुचौ येथे जागतिक वारसा समितीचे अठ्ठाविसावे अधिवेशन भरले. त्यात ग्रिमेटनचे नाव यादीत गेले आणि त्याच अधिवेशनात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसचेही. दोन्ही वास्तूंना लागू झालेले निकषही तेच, दुसरा आणि चौथा. तेव्हा ग्रिमेटन आपल्या बोरीबंदरचे बॅचमेट आहे असे म्हणायला हरकत नाही.

स्थापनेची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध जाहीर होताच इंग्रजांनी पहिल्या काही तासांतच समुद्राच्या तळावरून जाणाऱ्या जर्मन तारा तोडल्या. स्वीडन त्या युद्धात तटस्थ होता, पण तटस्थ देशाच्या तारासुद्धा दुसऱ्याच्या अंगणातून जात होत्या. अमेरिकेला पाठवायचा संदेश इंग्लंडमार्गे जायचा. तिथे तो अडवला जाई, वाचला जाई किंवा नुसता पडून राही. व्यापाऱ्यांची अडचण झालीच, पण प्रश्न व्यापारापुरता नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसे अमेरिकेत जाऊन स्थायिक झाली होती. अमेरिकेतल्या मिनेसोटात भाऊ आणि स्वीडनमधल्या स्मोलंडमध्ये आई, अशी घरे त्या देशात गावोगाव होती.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये स्वीडनच्या संसदेने, रिक्सडागने, स्वतःचे मोठे बिनतारी केंद्र उभारण्याचा निर्णय घेतला. कोणाच्याही तारेवर, कोणाच्याही मेहेरबानीवर अवलंबून राहायचे नाही, एवढाच त्यामागचा विचार. कोणत्या कंपनीची यंत्रणा घ्यावी यावर बरीच भवति न भवति झाली. इंग्रज, जर्मन आणि अमेरिकी कंपन्या स्पर्धेत होत्या आणि प्रत्येकीचे समर्थक होते. शंभर वर्षांनंतर ते वाद उगाळण्यात अर्थ नाही. काम अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडे गेले, आणि त्या कंपनीचा मुख्य अभियंता जन्माने स्वीडिश होता, ही बाब निर्णयाला मदत करणारीच ठरली असणार.

पहिले दशक : १९२० ते १९३०

त्या अभियंत्याचे नाव अर्न्स्ट अलेक्झांडरसन. जन्म १८७८, उप्साला. स्टॉकहोम आणि बर्लिन इथे शिक्षण घेऊन १९०१ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला लागला. तिथे रेजिनाल्ड फेसेंडेन या संशोधकाने कंपनीकडे एक विचित्र मागणी नोंदवली होती. विजेच्या जनित्रातून सेकंदाला पन्नास-साठ नव्हे, तर हजारो आवर्तने निघाली पाहिजेत. ती मागणी पुरी करण्याचे काम या तरुणाकडे आले, आणि त्यातूनच अलेक्झांडरसन अल्टरनेटर जन्माला आला.

हे यंत्र समजून घेतल्याशिवाय ग्रिमेटन समजत नाही, म्हणून इथे थोडे थांबू. आज प्रक्षेपक म्हटले की इलेक्ट्रॉनिक भाग आलेच. ग्रिमेटनच्या यंत्रात तसा एकही भाग नाही. व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टरचा तर तेव्हा जन्मच झाला नव्हता. आहे ती १.६ मीटर व्यासाची पोलादी चकती. तिच्या कडेला ४८८ खाचा पाडून त्या अचुंबकीय धातूने भरल्या आहेत. ही चकती मिनिटाला २११५ फेरे घेते. खाचांची संख्या फेऱ्यांनी गुणून साठने भागली की सेकंदाला सुमारे १७,२०० आवर्तने येतात, म्हणजे १७.२ किलोहर्ट्झ. गणित शाळकरी मुलाला जमेल असे. ते पोलादात उतरवणे मात्र कोणाच्याही सहज आवाक्यातले नव्हते. चकतीची कड ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाने फिरते, आणि स्थिर भागापासून तिचे अंतर अगदी नाममात्र. मिनिटाला एक फेरा कमी किंवा जास्त झाला तरी लहर आठ हर्ट्झने सरकते. वर तारयंत्राची खटखट चालू असताना यंत्रावरचा भार क्षणाक्षणाला बदलतो, आणि तरीही वेग ढळता कामा नये. बिनतारी दळणवळणाच्या इतिहासात या यंत्राचा उल्लेख नेहमी वीज अभियांत्रिकीच्या प्रकरणात होतो. माझ्या मते ते घड्याळजींच्या प्रकरणातही शोभले असते.

२०० किलोवॅटची अशी दोन यंत्रे ग्रिमेटनला बसवली. १७.२ किलोहर्ट्झची लहर म्हणजे साडेसतरा किलोमीटरच्या आसपास लांब. तिच्यासाठी अँटेनाही तेवढाच ऐसपैस हवा. सहा मनोरे ३८० मीटरच्या अंतराने उभे केले आणि त्यांच्या आडव्या हातांवरून तारा ताणल्या. त्या तारांपासून प्रत्येक मनोऱ्याजवळ एक उभी तार खाली उतरते आणि पायथ्याशी मोठे वेटोळे आहे. एकाच ठिकाणी जमिनीला जोडण्याऐवजी सहा ठिकाणी जोडल्यामुळे वाया जाणारी शक्ती कमी होते. ही कल्पनाही अलेक्झांडरसनचीच. मनोऱ्यांची बांधणी हेन्रिक क्रूगर या अभियंत्याने केली. त्या वेळी संपूर्ण स्वीडनमध्ये त्यांच्याहून उंच बांधकाम नव्हते. इमारतींचा आराखडा वास्तुविशारद कार्ल ऑकरब्लाड यांचा. यंत्रगृहाला त्यांनी कारखान्याचे रूप दिले नाही. अभिजात शैलीतले, उंच खिडक्यांचे, एखाद्या ग्रंथालयासारखे गंभीर घर बांधले. शेजारी कर्मचाऱ्यांची वसाहत.

जागेची निवडही विचारपूर्वक झाली. वारबर्गहून न्यूयॉर्ककडे पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ रेघ ओढली तर ती नॉर्वे आणि डेन्मार्क यांच्या मधल्या पाण्यावरून, पुढे स्कॉटलंडच्या उत्तरेकडून खुल्या समुद्रावर जाते. लांब लहरींना खारे पाणी मानवते. डोंगर मानवत नाहीत.

१९२२ च्या अखेरीस सुरू झालेले बांधकाम १९२४ मध्ये पुरे झाले आणि १ डिसेंबर १९२४ पासून संदेशवहन सुरू झाले. केंद्राचे संकेतनाम एसएक्यू. तार पाठवणारा ऑपरेटर मात्र ग्रिमेटनला बसत नसे. तो बसे गोथेनबर्गच्या तार कार्यालयात. त्याचे ठिपके आणि रेघा तारेवरून ग्रिमेटनला येत आणि तिथून हवेत जात. अमेरिकेचे उत्तर कुंग्सबाका येथील ग्राही केंद्रात पकडले जाई. पलीकडचे टोक न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. १९२५ च्या उद्घाटनाला अलेक्झांडरसन स्वतः हजर होता, आणि राजाने अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांना तार पाठवली.

त्याच्या दोन वर्षे आधीची एक हकिगत अलेक्झांडरसनच्या चरित्रात येते. १९२३ मध्ये त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला पळवून नेले गेले. मुलाचे वर्णन रेडिओवरून प्रसारित झाले, ते ऐकणाऱ्या एका माणसाला संशय आला आणि मुलगा सुखरूप सापडला. आयुष्यभर दूरवर आवाज पोहोचवण्याची यंत्रे करणाऱ्या माणसाला त्या आवाजाने असा हात दिला.

केंद्राचे पहिले दशक सुखाचे खरे, पण त्याच दशकात त्याच्यावर सावलीही पडली होती. मार्कोनी कंपनीने लघुलहरींची ‘बीम’ पद्धत आणली. लहान अँटेना, कमी वीज, आणि पल्ला मात्र अर्ध्या पृथ्वीचा. याचा पुरावा आपल्या अंगणातच आहे. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातली बीम सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्राही केंद्र दौंडला होते. ज्या वर्षी दौंडच्या माळावर इंग्लंडचे संकेत येऊ लागले, त्या वर्षी ग्रिमेटनच्या राजेशाही उद्घाटनाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. अवाढव्य मनोऱ्यांचा जमाना संपत आल्याचे जाणत्यांना तेव्हाच कळले असणार.

१९३० ते १९५०

स्वीडनच्या सरकारी दूरसंचार खात्याने हे वास्तव शहाणपणाने स्वीकारले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ग्रिमेटनच्याच आवारात लघुलहरी प्रक्षेपक बसवले गेले. जुने यंत्र काढून टाकले नाही, नवे त्याच्या शेजारी बसवले. म्हणूनच आज त्या आवारात फिरताना दूरसंचाराच्या तीन-चार पिढ्या एकाच मैदानात भेटतात.

१९३९ मध्ये पुन्हा युद्ध आले, पुन्हा तारा तुटल्या, आणि १९२० मध्ये ठरवलेल्या खर्चाचे चीज झाले. युद्धाने वेढलेल्या तटस्थ देशाला बाहेरच्या जगाशी बोलायचा जो थोडा मार्ग उरला होता, त्यात ग्रिमेटन होते. त्या वर्षांत तिथे रात्रपाळी करणाऱ्यांची नावे ग्रंथांत नाहीत. यंत्राला तेल घालणे, वेगावर नजर ठेवणे, हिवाळ्यात तारांवर बर्फ साचला की ते उतरवणे ही कामे करणाऱ्यांच्या खांद्यावर केंद्र चालले, एवढी नोंद इथे केलीच पाहिजे.

याच युद्धात ग्रिमेटनच्या एका भावंडाचा शेवट झाला. पोलंडमध्ये वॉर्साजवळ अशाच अलेक्झांडरसन यंत्रांचे, दहा मनोऱ्यांचे मोठे केंद्र होते. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४५ च्या जानेवारीत ते उडवून दिले. या जातीची सुमारे वीस मोठी यंत्रे जगात बसवली गेली होती. बाकीची युद्धाने नव्हे, शांततेने संपवली. एकेक करून ती बंद झाली आणि भंगारात गेली. लाँग आयलंडचे टोकही त्यातून सुटले नाही.

१९५० ते १९९५

इथून पुढची कथा थोडी गमतीची आहे. ज्या लांब लहरींना जुनाट म्हणून सगळ्यांनी निरोप दिला, त्यांचा एक गुण लघुलहरींत नव्हता. लघुलहर समुद्राच्या पृष्ठभागावरच मरते. साडेसतरा किलोमीटरची लहर खाऱ्या पाण्यात काही मीटर खोल उतरते. पाण्याखालच्या पाणबुडीला वर न येता संदेश मिळायचा, तर तो अशाच लहरीवर. पन्नाशीच्या दशकात अटलांटिकपारचा तारव्यवहार थांबला, आणि साठच्या दशकापासून ग्रिमेटनचे मनोरे स्वीडिश नौदलाच्या पाणबुड्यांशी बोलू लागले. शीतयुद्धाचा काळ होता. त्या संदेशांत काय होते ते सांगायला कोणी मोकळे नव्हते, आणि म्हणून या दशकांबद्दल लिहिण्यासारखे कमीच आहे.

दोन अल्टरनेटरांपैकी एक १९६० च्या सुमारास काढून टाकण्यात आला. १९६६ मध्ये आवारात २६० मीटर उंचीचा नवा मनोरा उभा राहिला आणि एफएम व दूरचित्रवाणीचे प्रसारण तिथून होऊ लागले. १९६८ मध्ये त्याच जुन्या अँटेनावर चालणारा व्हॉल्व्ह-ट्रान्झिस्टरचा प्रक्षेपक आला. उरलेले एक फिरते यंत्र मात्र राखीव म्हणून तेलपाणी करून सज्ज ठेवले गेले. याचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. निरुपयोगी ठरलेली वस्तू नीट ठेवण्याचा आदेश सहसा कोणी काढत नाही. ती नीट ठेवली जाते कारण ती सांभाळणाऱ्यांना तशी सवय असते.

१९९५ ते २००४ : वारसा यादीकडे

१९९६ मध्ये नौदलाने या यंत्राची गरज संपल्याचे ठरवले. स्वीडनच्या सरकारी दूरसंचार खात्याचे काही वर्षांपूर्वीच टेलिया नावाच्या कंपनीत रूपांतर झाले होते. मनोरे रंगवायचे, तारा बदलायच्या, इमारती सांभाळायच्या, आणि उत्पन्न शून्य. कंपनीच्या ताळेबंदात ही बाब खटकणारच. पुढे काय करावे यावर मतभिन्नता होती. पण निर्णय जतनाच्या बाजूने झाला आणि केंद्राला राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण मिळाले. निवृत्त कर्मचारी, हौशी रेडिओचालक आणि आसपासचे ग्रामस्थ यांनी एकत्र येऊन ‘अलेक्झांडर’ नावाचे मित्रमंडळ काढले. ज्यांनी नोकरी म्हणून यंत्र चालवले होते, तेच आता हौस म्हणून चालवू लागले. पुढच्या पिढीला हे कसब शिकवायचे तर ते शिकवणारे हयात असतानाच शिकवायला हवे होते, आणि ते वेळेत झाले.

आता जागतिक वारसा. गेल्या काही वर्षांत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या प्रस्तावामुळे संभाव्य यादी, नामांकन, मूल्यांकन हे शब्द आपल्याकडे घराघरांत पोचले आणि जुलै २०२५ मध्ये त्या प्रस्तावाला यशही आले. तेव्हा प्रक्रिया पुन्हा सांगत नाही. किल्ल्याचे महत्त्व पटवायला इतिहास हाताशी असतो. पत्र्याच्या कपाटांचे, तारांच्या वेटोळ्यांचे आणि एका फिरत्या चकतीचे वैश्विक मूल्य कसे मांडायचे? यादीत राजवाडे, मंदिरे, चर्च आणि जुनी शहरे यांची गर्दी होती. विसाव्या शतकाला आणि उद्योगाला जागा थोडी. हा तोल सावरायला हवा हे जागतिक वारसा समितीने १९९४ च्या धोरणात स्वतःच मान्य केले होते. ग्रिमेटनच्या प्रस्तावाला त्या धोरणाचा वारा मिळाला.

प्रस्तावाची बाजू दोन गोष्टींवर भक्कम होती. पहिली म्हणजे एकमेवपणा. इलेक्ट्रॉनिक युगाच्या आधीच्या तंत्रावर चालणारे मोठे प्रक्षेपण केंद्र म्हणून शिल्लक राहिलेले हे एकच. जर्मनीतले नाउएन किंवा नेदरलँड्समधले कोटवाइक यांच्या इमारती देखण्या आहेत, नाउएन तर अजून कामातही आहे, पण त्या काळची यंत्रणा तिथे उरलेली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ग्रिमेटनला सगळेच उरले आहे. यंत्र, मनोरे, तारा, लघुलहरींचे प्रक्षेपक, कर्मचाऱ्यांची घरे, असे १०९.९ हेक्टरांचे पूर्ण आवार. आणि यंत्र चालते. संग्रहालयात काचेमागे ठेवलेला अल्टरनेटर आणि गरज पडली तर आज दुपारी सुरू करता येईल असा अल्टरनेटर, यांतला फरक मूल्यांकन करणाऱ्यांना समजावून सांगावा लागला नसेल.

सुचौच्या अधिवेशनात दुसऱ्या आणि चौथ्या निकषाखाली नाव नोंदले गेले. पहिल्या महायुद्धानंतरच्या दळणवळण तंत्राच्या विकासाचे प्रातिनिधिक स्मारक, हा दुसऱ्या निकषाचा आशय. १९२० च्या दशकातील दूरसंचार केंद्राचा अपवादात्मक रीतीने टिकलेला नमुना, हा चौथ्याचा. बोरीबंदराला हेच दोन निकष लागू झाले, पण दोघांच्या नशिबात केवढा फरक! एकाच्या छताखालून रोज लाखो माणसे धावतात, दुसऱ्याच्या मनोऱ्यांखाली बहुतेक दिवस गाई चरतात.

२००४ नंतर

त्याच अधिवेशनात यादीत गेलेले आणखी एक नाव इथे घ्यायला हवे. लिव्हरपूलचे बंदर. गोदी परिसरातल्या नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये ते यादीतून काढण्यात आले. मान्यता मिळवण्यापेक्षा ती टिकवणे अवघड, हे ग्रिमेटनच्या मंडळींनी ओळखलेले दिसते. केंद्राचा कारभार आता एका न्यासाकडे आहे. उन्हाळ्यात ते पाहुण्यांसाठी खुले असते, आणि मित्रमंडळाचे स्वयंसेवक यंत्राची निगा राखतात, ते दाखवतात आणि चालवतात. आवारात हौशी रेडिओचे केंद्रही आहे, त्याचे संकेतनाम एसके६एसएक्यू.

यंत्र वर्षातून मोजक्या दिवशी हवेत येते. २ जुलैच्या जवळचा रविवार ‘अलेक्झांडरसन दिन’ म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्र दिनाला, २४ ऑक्टोबरला, एक प्रसारण होते. आणि नाताळच्या आदल्या दिवशी सकाळचे प्रसारण तर जगभरच्या श्रोत्यांनी तारखेवर खूण करून ठेवलेले असते. तयारी तासभर आधी सुरू होते. मोटार फिरू लागते, चकती वेग घेते, मनोऱ्यांच्या तारा लहरीशी जुळवल्या जातात. मग मोर्सच्या ठिपक्यांत सर्वांना उद्देशून हाक, केंद्राचे नाव आणि एक छोटा शुभेच्छा संदेश. यंत्र शंभरीचे आहे. ऐन वेळी रुसले तर माफी असावी, असे गृहीत धरूनच श्रोते बसतात. ऐकू आले की ते टिपण पाठवतात. पूर्वी पोच म्हणून कार्ड मिळत असे आणि ते जपून ठेवले जाई.

हे ऐकायला महागडा रेडिओ लागत नाही. १७.२ किलोहर्ट्झ ही संख्या माणसाच्या ऐकण्याच्या कक्षेतच बसते, त्यामुळे संगणकाच्या साउंड कार्डला लांब तार किंवा तारेचे वेटोळे जोडले आणि योग्य सॉफ्टवेअर चालवले की लहर पडद्यावर रेघ होऊन उमटते. सॉफ्टवेअर तिला खालच्या पट्टीत आणून कानावर घालते. ती पट्टी खाली आणावीच लागते, कारण एवढा बारीक आवाज पन्नाशी उलटलेल्या कानांना ऐकू येत नाही, आणि हा छंद असलेल्यांपैकी पुष्कळ जण त्या वयाचे आहेत. शहरात एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांची खरखर फार. तेव्हा आपल्याकडे कोणाला प्रयत्न करायचा असेल तर गाव सोडून एखाद्या माळावर जावे. दौंडचा माळ चालेल. २४ डिसेंबर, भारतीय वेळेनुसार साधारण दुपारी दीड. पण तारा जुळवण्याचा आवाज अर्धा तास आधीपासून येऊ लागतो, म्हणून एक वाजताच जाऊन बसलेले बरे.